नळ कोरडे, धरणे भरलेली

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



७ जानेवारी २०२५ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिस शहराच्या पश्चिमेस, प्रशांत महासागराकडे पाहणाऱ्या पॅसिफिक पॅलिसेड्स या संपन्न वस्तीच्या माथ्यावर धूर दिसला. त्याच दिवशी सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास महानगराच्या दुसऱ्या टोकाला ईटन कॅन्यन येथे दुसरी आग लागली आणि तिने पायथ्याच्या अल्टाडीना या गावाचा मोठा भाग गिळला. ३१ जानेवारीस दोन्ही आगी पूर्णत: आटोक्यात आल्याचे जाहीर झाले तेव्हा सोळा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या होत्या. मृतांचा आकडा पुढे ३१ वर गेला. जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या सर्वांत श्रीमंत राज्यातील एक महानगर जळत होते आणि रस्त्यावरच्या हायड्रंटला नळी जोडून उभा असलेला जवान वरिष्ठांना सांगत होता की, पाणी येत नाही.

या एका वाक्याने जगभर जे राजकारण पेटले, ते आगीइतकेच विचार करण्याजोगे आहे. अमेरिकेत पाणी संपले, असा समज आपल्याकडेही पसरला. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. दक्षिण कॅलिफोर्नियाला घाऊक पाणी पुरविणाऱ्या मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट या संस्थेकडे २०२५ च्या प्रारंभी ३८ लाख एकर-फूट इतका साठा होता. हा तिच्या इतिहासातील विक्रम होय. आपल्या परिचयाच्या मापात सांगायचे तर तो सुमारे १६५ टीएमसी होतो, म्हणजे १०५ टीएमसीच्या आपल्या कोयनेच्या दीडपटीहून अधिक. धरणे भरलेली होती, कोरडे पडले ते नळ. हे कसे घडले हे समजून घेतल्याविना दोष कोणाचा, या प्रश्नाला हात घालता येत नाही. दुर्दैवाने बहुतेकांनी दोषापासूनच सुरुवात केली.

पॅलिसेड्स ही डोंगरउतारावरची वस्ती. खालून मोठ्या जलवाहिनीने येणारे पाणी पंपांनी उचलून माथ्यावरच्या टाक्यांत साठवायचे आणि तेथून गुरुत्वाने घराघरांत व हायड्रंटला सोडायचे, अशी तेथील व्यवस्था. अशा तीन प्रमुख टाक्या होत्या व प्रत्येकीची क्षमता सुमारे ३८ लाख लिटर होती. आगीपूर्वीच त्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. परंतु ७ तारखेस पाण्याची मागणी नेहमीच्या चौपट झाली आणि ती सलग पंधरा तास तशीच राहिली. पहिली टाकी दुपारी पावणेपाचला रिकामी झाली, दुसरी रात्री साडेआठला आणि तिसरी पहाटे तीनला. खालच्या वाहिनीत पाणी होते, पण खालचे हायड्रंट आणि नळ्याच ते ओढून घेत असल्याने वर चढविण्यापुरता दाब उरला नव्हता. वस्तीतील सुमारे वीस टक्के हायड्रंट निकामी ठरले.

यात आणखी एक गोष्ट घडते. ती सामान्य माणसाच्या ध्यानात येत नाही. घर जळून कोसळले की त्याच्या आतली नळजोडणीही तुटते. मग ते जळके घर पाणी पिऊ लागते. तेथे कोणी नळ बंद करणारा नसतो. एक घर जळाले तर हे गळणे क्षुल्लक असते, पण शेकडो घरे एकाच रात्री जळाली की तितक्या तोंडांनी पाणी वाहून जाते आणि उरलेल्यांसाठी दाब राहत नाही. शहराची पाणीयोजना आखताना अभियंते एखाद्या इमारतीची, फार तर दोन-तीन इमारतींची आग गृहीत धरतात. अख्खा डोंगर खाली उतरून येईल, हे गृहीत धरून जगातील बहुधा कोणतेही शहर नळ टाकत नाही. कारण तेवढ्या जाड वाहिन्या टाकल्या तर एरवी त्यात पाणी साचून शिळे होईल, ते पिण्यायोग्य राहणार नाही आणि खर्च तर नागरिकांच्या पाणीपट्टीतूनच भागवावा लागेल. वणव्याशी सामना नेहमी आकाशातून केला जातो. विमाने व हेलिकॉप्टर पाणी आणि रसायन टाकतात. त्या रात्री सांता आना नावाचे कोरडे वारे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने वाहत होते, डोंगरमाथ्यावर त्याहूनही अधिक. विमाने जमिनीवरच थांबवावी लागली. जे काम आकाशाने करायचे ते नळावर येऊन पडले.

याच वस्तीत सांता येनेझ नावाचा एक जलाशय आहे. त्याची क्षमता सुमारे ४४ कोटी लिटर. आग लागली त्या दिवशी तो कोरडा ठणठणीत होता. पिण्याचे पाणी झाकून ठेवण्याच्या नियमानुसार त्यावर तरंगते आच्छादन घातलेले होते. त्याला चीर पडल्याचे लक्षात आल्यावर २०२४ च्या प्रारंभी तो रिकामा केला गेला. चीर शिवण्याचे काम सुमारे सव्वा लाख डॉलरचे होते. निविदा, छाननी, मंजुरी असे करीत कंत्राट निश्चित व्हायला नोव्हेंबर उजाडला आणि जानेवारीत आग आली. चौकशी करणाऱ्या राज्याच्या यंत्रणांनी नंतर असा निष्कर्ष काढला की, जलाशय भरलेला असता तरी पाणी हवे तेवढ्या वेगाने वर पोहोचले नसते आणि दाब टिकला नसता. तो निष्कर्ष तांत्रिकदृष्ट्या बरोबर मानला तरी एक प्रश्न उरतोच. वणव्याच्या प्रदेशातला एक मोठा जलाशय वर्षभर रिकामा राहतो आणि एकाही अधिकाऱ्याला त्याची घाई वाटत नाही. जलाशयाने आग विझली असती की नाही, हा प्रश्न अभियंत्यांचा आहे. दुरुस्तीला वर्ष का लागले, हा प्रश्न राज्यकर्त्यांचा आहे. पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्यातून सुटका करून घेण्याचा प्रयत्न झाला.

आता राजकारणाकडे वळू. आग धुमसत असतानाच डोनाल्ड ट्रम्प यांनी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्यावर आरोप केला की, उत्तर कॅलिफोर्नियातील स्मेल्ट नावाची एक चिमुकली मासळी वाचविण्यासाठी त्यांनी दक्षिणेचे पाणी अडविले. मासळी खरी, तिच्यावरून शेतकरी आणि पर्यावरणवादी यांच्यात अनेक वर्षे चाललेला वादही खरा. परंतु पॅलिसेड्सच्या टाक्यांशी त्याचा संबंध नव्हता. धरणे भरलेली असताना आणखी पाणी आणून नळाचा दाब वाढत नाही. तरीही अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतल्यावर जानेवारीच्या अखेरीस ट्रम्प यांच्या आदेशानुसार सैन्याच्या अभियंता विभागाने मध्य खोऱ्यातील दोन धरणांतून सुमारे ८३० कोटी लिटर पाणी सोडले. हे पाणी उन्हाळ्यात शेतीसाठी राखलेले होते आणि त्या खोऱ्यातून लॉस एंजेलिसला ते पोहोचण्याचा मार्गच नव्हता. ज्या शेतकऱ्यांनी ट्रम्प यांना भरभरून मते दिली, तेच धास्तावले. राष्ट्रवादी विचाराच्या माणसाला ट्रम्प यांच्या काही भूमिका जवळच्या वाटतात, हे खरे आहे. पण पाण्याला विचारसरणी नसते. ते उताराने जाते.

दुसऱ्या बाजूचे वर्तनही काही कमी नव्हते. महापौर कॅरेन बास त्या दिवशी घानाच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीसाठी आफ्रिकेत होत्या. वाऱ्याचा इशारा हवामान विभागाने आधीच दिलेला होता. अग्निशमन दलाच्या प्रमुख क्रिस्टिन क्राऊली यांनी डिसेंबर २०२४ मध्येच लेखी कळविले होते की, सत्तर लाख डॉलरच्या जादाभत्त्याला लागलेल्या कात्रीमुळे मोठ्या आपत्तीची तयारी अडचणीत आली आहे. मेकॅनिकअभावी दलाची शंभराहून अधिक वाहने बंद असल्याचे त्यांनी आगीनंतर जाहीरपणे सांगितले. अंदाजपत्रक कमी झाले की वाढले, यावर दोन्ही पक्षांचे लोक आकडे फेकत राहिले. दोघांचे आकडे आपापल्या जागी खरे होते, कारण आधी कपात झाली आणि नंतर वेतनवाढीने एकूण रक्कम फुगली. पगार वाढला म्हणून बंद पडलेला बंब सुरू होत नाही, एवढी साधी गोष्ट त्या वादात हरवली. फेब्रुवारीत महापौरांनी क्राऊली यांना पदावरून दूर केले. दरम्यान दलाच्या प्रमुखपदी स्त्री असल्यामुळेच हे घडले, असा उथळ प्रचार समाजमाध्यमांवर चालला. अहिल्याबाईंचे नाव आदराने घेणाऱ्या समाजाने असल्या युक्तिवादाला भुलण्याचे कारण नाही.

खऱ्या चुका मात्र या गोंगाटाखाली गाडल्या गेल्या आणि त्या हळूहळू वर आल्या. १ जानेवारीस त्याच डोंगरात आठ एकरांची एक छोटी आग लागली होती. ती विझल्याचे समजून जवान परतले. ती मुळांत आणि मातीत धुमसत राहिली व सहा दिवसांनी वाऱ्याने तिला वर काढले, असे केंद्रीय तपास यंत्रणांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे हजारो घरांचा नाश होऊ नये म्हणून कदाचित गरज होती ती काही जवानांनी आणखी काही दिवस त्या राखेवर पाय रोवून उभे राहण्याची. तसेच वाऱ्याचा इशारा असताना, पाळी संपलेल्या जवानांना घरी न सोडता थांबवून ठेवण्याची सोय दलाकडे होती. ती वापरली गेली नाही.

अल्टाडीनाची कथा त्याहून वेदनादायक आहे. हे गाव लॉस एंजेलिस शहरात मोडत नाही, त्याला स्वत:ची नगरपालिकाही नाही. कारभार पाहते ती काउंटी. पाणी पुरविणाऱ्या तीन छोट्या स्थानिक कंपन्या आहेत. शेजारच्या पासाडेनात एके काळी कृष्णवर्णीयांना घरे मिळत नसत, म्हणून त्यांची कुटुंबे अल्टाडीनाच्या पश्चिम भागात वसली आणि पिढ्यान्पिढ्या राहिली. आग लागल्यावर लेक ॲव्हेन्यू या रस्त्याच्या पूर्वेकडील लोकांना घरे सोडण्याचा आदेश लवकर मिळाला. पश्चिमेकडे आग पोहोचल्याचे निरोप रात्री अकराच्या आधीपासून येत होते, पण तेथील आदेश निघाला पहाटे साडेतीनच्या सुमारास. ईटन आगीत मरण पावलेल्या १९ जणांपैकी जवळजवळ सर्व या पश्चिम भागातील होते व त्यांत वृद्ध आणि अपंग अधिक होते. आदेश कोणी द्यायचा याचे अधिकार स्पष्ट नव्हते आणि कार्यपद्धती जुनाट होती, असे काउंटीनेच नेमलेल्या संस्थेच्या अहवालात सप्टेंबर २०२५ मध्ये नमूद झाले. आगीच्या उगमाविषयी वीजकंपनीवर खटले चालू झाले असून त्यांत केंद्र सरकारही वादी आहे. जाता जाता एक नोंद करावीशी आहे. याच गावात थिऑसॉफिकल सोसायटीच्या पासाडेना शाखेचे मुख्यालय होते. त्याचे ग्रंथालय आणि अभिलेखागार त्या रात्री भस्मसात झाले. पौर्वात्य विचार पश्चिमेत नेणाऱ्या एका चळवळीची शतकभराची कागदपत्रे त्यात होती.

लॉस एंजेलिसचे पाण्याशी असलेले नाते मुळातच विलक्षण आहे. या कोरड्या शहराला महानगर बनविले ते विल्यम मुलहोलंड या अभियंत्याने. १९१३ मध्ये त्याने २३३ मैल लांबीच्या कालव्याने ओवेन्स खोऱ्याचे पाणी शहरात आणले. खोऱ्यातील शेतकरी देशोधडीला लागले, ओवेन्स सरोवर वाळून गेले. म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचे पाणी पळवून शहर मोठे झाले. पुढे त्याच मुलहोलंडने बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री फुटले आणि चारशेहून अधिक माणसे वाहून गेली. चौकशीत त्याने कोणाकडे बोट दाखविले नाही. मानवी निर्णयात चूक झाली असेल तर तो मानव आपणच, अशा आशयाची साक्ष त्याने दिली आणि पद सोडले. त्याच्या इतर कृत्यांचे समर्थन करता येणार नाही. पण २०२५ मध्ये मासळीपासून अंदाजपत्रकापर्यंत सर्वांना दोषी ठरवून झाले, तरी अशी साक्ष देणारा एकही माणूस पुढे आला नाही.

आणि हे सारे अनपेक्षित होते काय? ६ नोव्हेंबर १९६१ रोजी याच शहरातील बेल-एअर येथे ४८४ घरे जळाली. तेव्हाही डोंगरावरच्या नळांचा दाब गेला होता, तेव्हाही लाकडी कौलांवर बोट ठेवले गेले होते. ती लाकडी कौले शहराने बंद केली १९८९ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. २० ऑक्टोबर १९९१ रोजी ओकलंडच्या टेकड्यांवर २५ माणसे मेली. तेथे वीज गेल्याने पंप थांबले आणि ओकलंडच्या हायड्रंटची तोंडे तीन इंची असल्याने मदतीला धावून आलेल्या शेजारच्या दलांच्या अडीच इंची नळ्या त्यांना बसेनात. ८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाई बेटांवरील लहाइना जळाले, १०२ माणसे गेली, हायड्रंट आटले आणि भोंगे वाजलेच नाहीत.

घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत जळण्याजोगे काही ठेवू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये केला. वणव्यात घरे बहुधा ज्वाळांनी पेटत नाहीत. वाऱ्याने उडून आलेल्या ठिणग्या झरोक्यांतून माळ्यावर जातात, भिंतीलगतच्या झुडपात पडतात आणि घर आतून पेटते. म्हणून हे पाच फूट हायड्रंटपेक्षाही मोलाचे. त्या कायद्याचे नियम १ जानेवारी २०२३ पर्यंत तयार व्हायचे होते. २०२५ च्या आगीपर्यंत ते झाले नव्हते, कारण घरमालकांना कुंपणाची झाडी प्रिय होती आणि लोकप्रतिनिधींना घरमालकांची मते. विमा कंपन्यांना मात्र हे गणित आधीच कळले होते. स्टेट फार्म या कंपनीने २०२४ मध्येच राज्यातील ७२ हजार विमापत्रे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले होते. ज्यांना परवडत होते त्यांनी खासगी बंब बोलावून आपापल्या मालमत्ता वाचविल्या. दुसरीकडे सुमारे एक हजार कैदी दिवसाला पाच ते दहा डॉलरवर आगीशी झुंजत होते. भोगवादी समाज आपत्तीत कसा वागतो, याचे हे दर्शन पुरेसे बोलके आहे.

राज्यकर्ते तयारीकडे पाठ का फिरवितात, याचे उत्तर अँड्रयू हीली आणि नील मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये दिले. अमेरिकेतील निवडणुकांचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की, मतदार आपत्तीनंतरच्या मदतीवर खर्च करणाऱ्याला मते देतात, पूर्वतयारीवर खर्च करणाऱ्याला देत नाहीत. त्यांच्या हिशेबाने तयारीवरचा एक डॉलर पुढील सुमारे पंधरा डॉलरचे नुकसान टाळतो. तरीही त्या डॉलरला मत नाही. न लागलेल्या आगीचे छायाचित्र निघत नाही.

याला अपवाद घडले आहेत. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या जलवाहिन्या तुटल्या आणि भूकंपापेक्षा आगीने शहर अधिक जाळले. त्या शहराने धडा घेऊन केवळ आगीसाठी स्वतंत्र उच्चदाबाची नळव्यवस्था उभारली, डोंगरावर वेगळा जलाशय बांधला आणि चौकाचौकांखाली भूमिगत हौद खोदले. असे दीडशेहून अधिक हौद आहेत. पेशवाईतल्या पुण्याचे हौद ज्यांनी पाहिले वा वाचले असतील, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. १९८९ च्या भूकंपात पुन्हा वाहिन्या तुटल्या, तेव्हा एका अग्निशमन नौकेने खाडीचे पाणी उपसून मरिना भाग वाचविला. आपल्याकडे १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी त्याच राज्याने जवळजवळ दहा लाख लोक हलविले आणि मृत्यू दोन आकडी संख्येत राहिले. गुजरातने २००१ च्या भूकंपानंतर अवघ्या काही दिवसांत आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले, २००३ मध्ये कायदा केला, देशाचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये आला.

तथापि आपल्या महानगरांविषयी समाधान मानावे अशी स्थिती नाही. लॉस एंजेलिसच्या नळाला चोवीस तास पाणी असते, म्हणून ते आटल्याची बातमी होते. मुंबईत बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येते. उरलेल्या वेळी रस्त्यावरच्या हायड्रंटमध्ये दाब असण्याचा प्रश्नच नाही. आग विझते ती टँकरवर. चाळीस मजली मनोऱ्यांच्या शहरात ही गोष्ट नगरसेवकांच्या भाषणांत किती वेळा येते?

मोरवी १९७९, किल्लारी १९९३, भूज २००१. या प्रत्येक ठिकाणी स्वयंसेवक कोणी बोलावण्याची वाट न पाहता पोहोचले, ढिगारे उपसले, बेवारस प्रेतांवर अंत्यसंस्कार केले. त्या सेवेचा अभिमान सार्थ आहे. पण ती सारी घटनेनंतरची सेवा होती. आपत्तीपूर्वीचे काम रुक्ष असते. त्यात अश्रू नसतात, टाळ्या नसतात. सोसायटीच्या टाकीत आगीसाठी राखीव पाणी आहे का, जिन्यातले पंप चालतात का, चौथ्या मजल्यावरच्या एकट्या आजींना रात्री कोण उतरवील, याच्या याद्या करणे हे ते काम. अल्टाडीनात नेमकी हीच यादी कोणाकडे नव्हती.

विरोधाभास असा की, प्रशिक्षित नागरिकांची कल्पना लॉस एंजेलिसच्याच अग्निशमन दलाची. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात सामान्य नागरिकांनी आठशेहून अधिक लोकांना वाचविले, पण प्रशिक्षणाअभावी त्यांतील शंभरावर स्वत: दगावले. ते पाहून या दलाने वस्तीवस्तीत नागरिकांची पथके शिकवून तयार केली आणि १९९३ पासून तो कार्यक्रम अमेरिकाभर गेला. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना सुरू केली व पुढे साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक शिकविण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२५ च्या त्या रात्री मालिबू व टोपांगा भागातील अशाच प्रशिक्षित रहिवाशांचे एक पथक पॅलिसेड्सच्या आगीत उतरले होते. पश्चिम अल्टाडीनात मात्र ज्या काही गल्ल्या वाचल्या, त्या घरे न सोडता बागेच्या नळीने आणि नळ आटल्यावर पोहण्याच्या तलावातल्या बादल्यांनी ठिणग्या विझविणाऱ्या शेजाऱ्यांमुळे. ते कोणत्याही यादीत नव्हते.